ओरूची दुभाषी

"पुन्हा बोल. आणि ते 'ती म्हणते, ती म्हणते' आधी काढून टाक," होनराव सर म्हणाले.

मी परत सुरुवात केली. "ती म्हणते की आमच्या विहिरीपासून..."

"नंदा!" सरांनी हातातले फासे टेबलावर आपटले. "दुभाषी 'ती म्हणते' असं म्हणत नाही, 'मी' म्हणते. ती म्हणाली 'मला तहान लागलीय', तर तूही म्हणायचंस 'मला तहान लागलीय'. तू मध्ये नाहीसच. तू म्हणजे खिडकीची काच."

"मग काचच आणून ठेवा की सर. स्वस्तात पडंल. मला कशाला रविवारचं उठवून आणायलाय?"

बसू फिदीफिदी हसला. निनादनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, म्हणजे गप्प बस. आणि समोर श्रीलता नवी नवरी बसावी तशी मान खाली घालून बसली होती. त्या दिवशी ती खेळायला पहिल्यांदाच आली होती.

होनराव सर कॉलेजात भाषाविज्ञान शिकवायचे आणि रविवारी दुपारी सात रस्त्याजवळच्या आपल्या दोन खोल्यांत आम्हाला जमवून खेळ मांडायचे. खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. टेबलाभोवती बसायचं, सरांनी एक मुलूख रचून सांगायचा आणि आम्ही त्यातली माणसं व्हायचं. लढाई, उडी, चोरीमारी आली की फासे टाकायचे. बाकी सगळं तोंडानं. असल्या खेळांची छापील पुस्तकं मिळतात, कॉम्प्युटरवरचे गेम तर ढीगभर. सरांना त्यातलं सगळं चालायचं. ड्रॅगन चालायचा, मेलेला माणूस उठून बसलेला चालायचा. फक्त भाषेचा विषय निघाला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"सगळ्या जगाची म्हणे एकच सामाईक बोली! डोंगरातला, समुद्रातला, पाताळातला, सगळे एकमेकांशी घडाघडा बोलतात. अरे, कुडाळचा म्हातारा उदगीरच्या म्हातारीसमोर बसवा आणि बघा गंमत. आणि तो गुहेतला शिलालेख! हिरो मशाल वर धरतो आणि खाडकन वाचतो. मला सातशे वर्षांपूर्वीची एक ओळ लावायची तर घाम फुटतो. वर पुन्हा गुण साठवायचे आणि ते मोजून भाषा विकत घ्यायची. भाषा म्हणजे काय टॉवेल आहे?"

श्रीलता तेव्हा पहिल्यांदा हसली. ती टॉवेलच्याच कारखान्यात डिझाईन काढायची. तेलुगू घरची, शहराच्या पूर्व भागातली. मराठी चांगलं बोलायची, पण वाक्याच्या शेवटी स्वर असा लांबवायची की ऐकणाऱ्याला वाटावं, अजून काहीतरी सांगायचं राहिलंय.

सरांनी आपल्या मुलखात एक मिठाचं मैदान केलं होतं आणि तिथल्या लोकांसाठी ओरू नावाची भाषा रचली होती. खोटी खोटी नव्हे. शिव्यांसकट रचली होती. म्हाताऱ्यांची ओरू वेगळी, पोरांची वेगळी, शेजारच्या शत्रूकडून घेतलेले शब्द वेगळे. ती खेळ मांडायच्या आधी दोघींनाच वेगवेगळी शिकवली. श्रीलताला, कारण ती मैदानातली मुलगी होणार होती, इराव नावाची. आणि मला, कारण मी दुभाषी. निनाद आमच्या बाजूचा सरदार भैरोजी, आणि मेडिकल दुकानवाला बसू आमचा चोर. श्रीलतानं टेबलावर मराठी बोलायचं नाही, एवढंच नव्हे, समोरचं मराठी कळलंच नाही असं बसायचं. मी सांगेन तेव्हा तिला कळणार. आणि सरांची सगळ्यात मोठी अट ही की इथं भाषेसाठी फासे नाहीत, गुण नाहीत. ज्याच्या कानात शिरेल त्याला आली.

मला दुभाषी केलं त्याला कारण आमचं घर. माझी अज्जी अक्कलकोटकडची, कन्नड सोडून दुसरं बोलायची नाही. आई औशाची, तिला कन्नड यायचं नाही. लहानपणापासून मी त्या दोघींच्या मधली. अज्जी म्हणायची, "ही भाजी म्हशीला घातली तर म्हैस दूध देणं बंद करंल." मी आईला सांगायची, "अज्जी म्हणायलीय, मीठ जरा बघ." आई म्हणायची, "तुझ्या अज्जीला सांग, इतकंच आहे तर स्वतः चुलीपुढं बसा." मी अज्जीला सांगायची, "आई म्हणायलीय, तुमच्या हाताची चव कुणाला येणार?" असं करत मी ते घर मोठं केलं म्हणा ना. सरांना हे सांगितलं तर त्यांनी कानाला हात लावले. म्हणाले, "इथं तसलं मलमपट्टीचं काम चालणार नाही. जे आलं ते जसंच्या तसं पलीकडं द्यायचं." मी म्हटलं, बघू की. जमलं मला ते, आणि आवडलंही.

निनाद देगावकर आणि माझं लग्न ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे असं सहज नव्हे. त्याच्या आईला लिंगायताची मुलगी नको, माझ्या बापाला बामणाचं पोर नको. रडारड, उपासतापास, मामा-काकांच्या बैठका, सगळं होऊन अखेर दोन्हीकडचे हो म्हणाले होते. मार्गशीर्षातली तारीख निघाली होती, कार्यालय ठरलं होतं. माझा त्याच्यावर इतका जीव होता की लोकांना हसू येई. तो रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर होता, बोलायला कमी. घरी आला की अज्जी दारातच विचारायची, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का. तो नुसता हसायचा आणि हात जोडायचा. मी कितीदा सांगितलं, "अरे, 'आत्री अज्जी' म्हण, झालं अज्जी, एवढंच. म्हातारी हरखून जाईल." तो म्हणायचा, "माझ्या तोंडात बसत नाही गं. भाषेचा आणि माझा छत्तीसचा आकडा." मला वाईट वाटायचं, पण मी म्हणायची, जाऊ दे. सगळ्यांना सगळं कुठं येतं? मी आहेच की मध्ये.

खेळ पावसाळाभर रंगला. सुरुवातीला श्रीलता बोलताना माझ्याकडं बघायची. निनाद बोलतानाही माझ्याकडंच बघायचा. दोघंही अडखळत एकेक वाक्य टाकायची आणि मी ते उचलून पलीकडं द्यायची. एकदा भैरोजीनं इरावच्या बापाला सणसणीत शिवी हासडली. मी ती तितक्याच जोरात ओरूत दिली, तर श्रीलताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि बसू म्हणाला, "काय आहे बे ती शिवी? मला दुकानात वापरायचीय." असं हसत-खेळत चाललं होतं. शेंगाची चटणी, कडक भाकरी, सरांचा कडू चहा. आठवड्याचे सहा दिवस मी रविवारची वाट बघायची.

मग एका रविवारी सरांनी मिठाची वावटळ उठवली आणि फासे असे पडले की इरावचा भाऊ त्या वावटळीत सापडून गेला. सरांनी श्रीलताला म्हटलं, "बोल." ती आपल्याजवळ ओरूतले होते नव्हते ते शब्द एकेक करून काढून बोलली, आणि मी ते मराठीत म्हणत गेले. "माझा भाऊ गेला. सकाळी मी त्याला हसले होते. आता मी त्याला काय सांगू?"

भैरोजीनं सरदारासारखं काहीतरी बोलावं, सूड घेऊ वगैरे, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. निनाद टेबलाकडं बघत म्हणाला, "माझे वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. घर माणसांनी भरलं होतं. जो तो मला जेव म्हणत होता. तू त्यांच्याशी शेवटचं काय बोललास, हे कुणी विचारलं नाही. मी भांडलो होतो. सायकल पाहिजे म्हणून. तुम्ही मेलात तरी चालेल, असं म्हणालो होतो."

सरांनी त्याला टोकलं नाही. बसूनं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

मला हे काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर हिंडत होते, त्याच्या वडिलांच्या फोटोला हार घालून आले होते. हार्टनं गेले, एवढंच मला ठाऊक. आणि आता ते मला 'मी' म्हणून सांगायचं होतं, दुसऱ्या बाईला. मी सांगितलं. "माझे वडील गेले..." ओरूत सायकल नव्हती, मी घोडं म्हटलं. श्रीलता ऐकत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून त्याच्याकडं बघत होती.

घरी जाताना स्कूटरवर मी मागून विचारलं, "मला का नाही सांगितलंस कधी?"

"तिथं सोपं गेलं," तो म्हणाला. "खेळच तर होता."

मी त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. स्वतःलाच दटावलं. म्हटलं, नंदे, तुझ्याच तोंडून गेलं ना ते? मग तुलाच सांगितल्यासारखं आहे.

त्यानंतर त्या दोघांचं बोलणं वाढलं. खेळाबाहेर नव्हे, खेळात. बाहेर 'येते', 'बरं' यापलीकडं ती एकमेकांशी बोलत नसत, दोघंही तशीच लाजरीबुजरी. पण टेबलावर बसली की लढाई बाजूला राहायची. इराव विचारायची, तुमच्याकडं पाणी गोड असतं म्हणजे नेमकं कसं लागतं? भैरोजी सांगायचा. भैरोजी विचारायचा, मिठाच्या रानात झोप कशी लागते? इराव सांगायची. बसू जांभया द्यायला लागला. मी मात्र जसंच्या तसं देत राहिले. कधी कधी मी बोलायच्या आधीच निनादचा चेहरा बदलायचा. मला वाटायचं, तिच्या सुरावरून अंदाज करत असेल.

दिवाळी तोंडावर आली. त्या रविवारी सकाळी निनाद आमच्याकडं आला होता, आईनं त्याला लग्नाचा शालू दाखवायला बोलावलं होतं. शालू त्यानं हातात घेऊन बघितला, छान आहे म्हणाला. निघताना अज्जीनं विचारलं, "ऊटा आतेन?" तो हसला, हात जोडले. आम्ही तसेच सरांकडं गेलो.

मैदानातला कारभार आटोपला होता. सरांनी सांगितलं, "भैरोजी, तुझी फौज उद्या परत निघतेय. इराव निरोप घ्यायला आलीय. काय बोलायचं ते बोलून घ्या."

श्रीलता बोलली. हळू, थांबत थांबत. मी निनादकडं तोंड केलं आणि मराठीत म्हटलं, "जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. निघालेल्या माणसाला आमच्यात अडवत नाहीत. पण तू गेलास की मी कुणाशी बोलू? माझं ऐकणारं कुणीतरी आहे, याची सवय मला तू लावलीस."

माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या डोळ्यांत बघून मी हे म्हणत होते. 'तू गेलास की मी कुणाशी बोलू?' ते तिचं होतं आणि माझंही होतं. बोलताना मला खरंच रडू आलं. मी त्याच्या उत्तराची वाट बघत थांबले, तो मराठीत बोलेल आणि मी पलीकडं देईन म्हणून.

तो माझ्याकडं बघतच नव्हता. तिच्याकडं बघून म्हणाला, "आव तेर. इश तेर."

मी थांबतो. तूही थांब. ओरूत.

श्रीलताचा हात तोंडाकडं गेला. मग तिनं काहीतरी विचारलं, घाईघाईनं. त्यानं उत्तर दिलं. चुकत होता, शब्द मागंपुढं होत होते, पण बोलत होता, आणि ती समजत होती. मी एकदा इकडं बघत होते, एकदा तिकडं. मला काही कामच उरलं नव्हतं. आणि तो वाक्याच्या शेवटी स्वर लांबवत होता. सर तसं बोलायचे नाहीत. मीही नाही. तसं फक्त तीच बोलायची.

सर ताडकन उठले. आनंदानं त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता. "बघा! बघा लेको! कुठल्या गेममध्ये दाखवतात हे? कुणी शिकवलं नाही, गुण नाहीत, पुस्तक नाही. कधी शिकलास बे?"

"शिकलो नाही सर," निनाद गोंधळून म्हणाला. "ऐकून ऐकून... कळायला लागलं."

"आणि हेल ऐकलास का, नंदा? तिचाच हेल उचललाय पठ्ठ्यानं! पोर आईचा उचलतं तसा. ज्याचं बोलणं माणूस जीव लावून ऐकतो ना, त्याचाच हेल येतो. अगदी खरीखुरी भाषा झाली की ही माझी!"

बसूनं टाळ्या वाजवल्या. सरांना कुणाला दुखवायचं नव्हतं, देवाशपथ सांगते. त्या माणसाला फक्त भाषा दिसत होती. मी म्हटलं, "डोकं दुखायलंय, मी निघते," आणि टेबलावरचं निनादचं हेल्मेट उचलून जिना उतरले. हेल्मेट कशाला उचललं कोण जाणे. सवय.

तो धावत मागं आला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं.

"नंदा, खेळ होता तो."

"भैरोजी थांबला. तू काय करणार?"

"काय बोलायलीस तू? मी तिला कधी साधा फोन केलेला नाही. तुझी शपथ."

"माहितीय मला," मी म्हटलं. खरंच माहीत होतं. दोघं चोरून भेटत असती तर बरं झालं असतं, त्याला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. "अज्जी इतकी वर्षं तुला एकच विचारतेय, निनाद. जेवलास का. त्याचं उत्तर तुझ्या कानात शिरलं नाही. आणि जी भाषा जगात कुठं नाहीच, ती आली?"

तो म्हणाला, "लग्न मी मोडणार नाही. दोन्ही घरांनी एवढं सोसलंय. तुझ्या वडिलांना मी शब्द दिलाय."

"माझ्या वडिलांशी लग्न करायलास का?"

तो स्कूटरच्या सीटवर हात टेकून उभा राहिला. "मला..." म्हणाला आणि थांबला. पुन्हा "मला..." म्हणाला. त्याला जमेना. आणि मला ते बघवेना. माझ्यासमोर कुणी असं अडखळून उभं राहिलं की माझं तोंड आपोआप उघडतं, लहानपणापासूनचं आहे ते.

मी त्याच्याकडं बघून म्हटलं, "मला श्रीलता आवडते. कधी आवडायला लागली ते मला कळलं नाही. नंदाला मला दुखवायचं नाही, ती चांगली आहे. पण मला हे लग्न करायचं नाही."

काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही.

तो माझ्याकडं बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नाही म्हणेल, अशी मला आशा होती. वेडी आशा होती, पण होती. मी चुकीचं बोलले म्हणेल, मला झिडकारेल, खांदे धरून गदागदा हलवेल.

"हो," तो म्हणाला.

मग म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"तुला?"

"आत्ता. तू बोललीस तेव्हा."

मी पदरानं तोंड पुसलं. "वर जा. ती घाबरून बसली असेल."

"मी काय सांगू तिला?"

"मला विचारू नकोस," मी म्हटलं. "तुम्हा दोघांना आता मध्ये कुणी लागत नाही. जा की."

तो जिना चढून गेला. एकेक पायरी चढताना दोनदा मागं वळला, पण थांबला नाही. वर दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. हेल्मेट माझ्याच हातात राहिलं होतं. मला वाटलं होतं, मी घरापर्यंत धरून राहीन, आईपुढं जाऊनच काय ते रडेन. नाही जमलं. ते हेल्मेट छातीशी धरून मी भर दुपारी, भर गल्लीत, गळा काढून रडले.

खालच्या घरातल्या मावशी पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी मला धरलं आणि घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारलं, "काय झालं गं बाई? कोणी गेलं का तुझं?"

मी मान हलवून हो म्हटलं.